पोळ्यांच्या पगाराचं खातं

बँक कोणती चांगली, हा विषय आमच्या सोसायटीत निघाला की लोक माझं मत विचारायचे, आणि नाही विचारलं तरी मी ते द्यायचेच. सदाशिव पेठेतल्या शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला सरासरी, टक्केवारी आणि सरळव्याज यांत कोणी गंडवू शकत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. दूधवाल्याच्या बिलातली अर्ध्या लिटरची चूक मी जिना उतरता उतरता सांगते. रिक्षावाले माझ्याशी सुट्ट्यांवरून वाद घालत नाहीत.

निवृत्त झाल्यावर मिळालेली रक्कम मी जुन्या सरकारी बँकेतून काढली आणि कोथरूडमध्ये घराजवळच्या एका खाजगी बँकेत ठेवली. जुन्या बँकेत खिडकीमागचे गृहस्थ मान वर न करता "उद्या या" म्हणायचे. इथे गेल्या गेल्या खुर्ची मिळाली, पाणी मिळालं, आणि टाय लावलेले अधिकारी "आपण बसा, फॉर्म मी भरतो" म्हणाले. मी एवढ्यावर विरघळले, हे आज कबूल करायला हरकत नाही. पुढची दोन वर्षं नातेवाइकांत आणि शेजारीपाजारी मी त्या बँकेची फुकट जाहिरात करत होते.

माझ्याकडे पोळ्या करायला जी येते ती मूळची यवतमाळकडची. बारा वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर पुण्यात आली, जवळच्या वस्तीत एका खोलीत राहते आणि सकाळी सहापासून दुपारी एकपर्यंत सात घरच्या पोळ्या लाटते. बोलणं अजून तिकडचंच आहे. मला काकू म्हणते. तिची मुलगी बारावीत गेली तेव्हा एकदा कणीक मळता मळता तिने सांगितलं, "पोरीले नर्सिंगले घालाचं आहे काकू. लोणी काळभोरच्या बाजूले कॉलेज आहे. पहिला हप्ता बावीस हजाराचा आहे म्हणते."

पैसे कुठे साठवते आहेस, असं मी विचारलं. वस्तीतल्या बारा जणींची भिशी आहे, त्यात टाकते, असं ती म्हणाली. झालं. मी ओट्यापाशीच तिचा तास घेतला. भिशीवाली पळाली तर कुणाकडे जाशील, घरात रोकड राहिली तर खर्च होईल, बँकेत व्याज मिळतं, वगैरे. तिने मध्ये दोनदा काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण मी रंगात आले होते. शेवटी ती म्हणाली, "तुमी म्हणता तं बरोबरच असन."

बँक अर्थातच माझी. मी तिला स्वतः घेऊन गेले. दहा हजारांची सरासरी शिल्लक ठेवावी लागेल, असं अधिकारी म्हणाले, तेव्हा "साठतीलच की आता" असं मीच उत्तर दिलं. फॉर्मवर मोबाइल नंबरचा रकाना आला. तिच्या घरात एकच फोन, तो दिवसभर मुलीकडे. शिवाय ओटीपी विचारून पैसे पळवल्याच्या गोष्टी रोज ऐकू येत होत्या. "माझा नंबर घाला," मी ठणकावून सांगितलं. "माझ्याकडे काही हरवत नाही."

ठरलं असं, की माझ्या घरचे अडीच हजार दर एक तारखेला मी त्या खात्यात भरायचे आणि तिने त्यांना हात लावायचा नाही. बाकीची सहा घरं रोखीने देत होती, त्यावर तिचा संसार चालायचा. मध्ये दिवाळीत तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, तेव्हा तिने नऊ हजार काढले, तेही मला विचारून. स्वतःचेच पैसे काढायला तिने माझी परवानगी मागितली आणि मी ती दिली, यात तेव्हा मला काहीच वावगं दिसलं नाही.

असे चौदा महिने गेले. मुलगी बारावी पास झाली, नर्सिंगला नंबर लागला. जुलैमध्ये फी भरायला मायलेकी कॉलेजात गेल्या आणि कार्ड चाललं नाही. खात्यात पुरेसे पैसे नाहीत, असं यंत्र म्हणालं. मुदतीचे दोन दिवस उरले होते. हे सगळं मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी आली, परात घेतली, कणीक भिजवली. पहिली पोळी तव्यावर टाकल्यावर माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "काकू, एक इचारू का? खाड्याचे पैसे तुमी कसे कापता? म्हंजे एका दिवसाचे किती?"

मी पेपर खाली ठेवला. आमच्याकडे खाडे कापायची पद्धत नाही. आजारपण, गावची लग्नं, सणवार, कशाचे म्हणून मी कधी कापलेले नाहीत, आणि ही गोष्ट मी चार ठिकाणी अभिमानाने सांगते.

"कधी कापले मी तुझे पैसे?"

"सांगून नाई कापले," ती शांतपणे म्हणाली. "पण कापले. मी एटीएमवर जाऊन पाहत होती ना. आठवड्यातून दोनदा. अडीच हजार येते, अन् मंग कमी होते. मले वाटलं, सुट्ट्या झाल्या तं काकू मागून काढून घेते. फोनवरून होते म्हणते सगळं. अन् नंबर तं तुमचाच आहे." मग तिने कार्डाची हकिगत सांगितली. तिच्या हिशेबाने सव्वीस हजार हवे होते. होते एकोणीस हजार शंभर.

मला राग आला, आणि तो बँकेचा नव्हता. चौदा महिने माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून, माझ्या हातचा चहा पिऊन ही मला चोर समजत होती. रागारागाने मी कपाटातून पाच हजार काढले आणि ओट्यावर ठेवले. "हे घे, आधी पोरीची फी भर."

तिने नोटांकडे पाहिलंही नाही. "तुमचे नको. माझे कुठं गेले ते सांगा."

साडेदहाला बँकेचं दार उघडलं तेव्हा आम्ही दोघी पायरीवरच होतो. टायवाल्या अधिकाऱ्यांची बदली झाली होती, त्यांच्या जागी एक नव्या अधिकारी बाई होत्या. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी मागवलं. पाणी नको, चौदा महिन्यांचा उतारा द्या, असं मी म्हटलं. चार पानं छापून आली. मी पर्समधून पेन्सिल काढली आणि पेपर तपासावेत तशी ओळीवर ओळ खुणा करत गेले.

दहा हजारांपेक्षा कमी शिल्लक राहिली म्हणून दंड, त्यावर जीएसटी. पहिले पाच महिने दर महिन्याला, कारण दहा हजार साठायलाच तेवढा वेळ लागणार होता, आणि दंडामुळे तो आणखी लांबला. दिवाळीत नऊ हजार निघाले की पुन्हा पहिल्यापासून तेच. कार्डाचं वार्षिक शुल्क. आणि दर महिन्याला पाच-सहा वेळा दहा-दहा रुपयांच्या बारीक ओळी. या कसल्या, असं मी विचारलं.

"दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला ठरावीक वेळाच फ्री असतं मॅडम," त्या म्हणाल्या. "त्यानंतर नुसता बॅलन्स बघितला तरी चार्ज लागतो."

म्हणजे पैसे कमी होताहेत या काळजीने ती जितक्या वेळा बघायला गेली, तितक्या वेळा आणखी कमी झाले. माझा आवाज चढला. रांगेतले लोक वळून बघायला लागले, मला बरंच वाटलं. "खातेदाराला एका शब्दाने न कळवता तुम्ही तिचे सात हजार खाल्लेत. एका पोळ्या लाटणाऱ्या बाईचे. कळवायची काही पद्धत आहे की नाही तुमच्याकडे?"

"प्रत्येक वेळी मेसेज गेलाय मॅडम. रजिस्टर्ड नंबरवर." त्यांनी पडद्यावर बघून नंबराचे शेवटचे चार आकडे वाचले.

आकडे माझे होते.

मी फोन काढला. बँकेच्या मेसेजांकडे मी कधी बघत नाही. माझ्या ठेवी तिथेच असल्याने माझ्या खात्यातून कधी छदामही कापला गेला नव्हता, मग बघायचं कशाला? न वाचलेल्या शेकडो मेसेजांत बोट फिरवत गेले आणि ते एकेक करून सापडायला लागले. तिच्या खात्याचे, तिच्या दंडाचे, दर महिन्याचे. शेवटचा चार दिवसांपूर्वीचा होता. उताऱ्याच्या तिसऱ्या पानावर एक ओळ मी बघितली होती पण तिचा अर्थ आत्ता लागला. मेसेज पाठवण्याचं तिमाही शुल्क. मी न वाचलेल्या मेसेजांचे पैसे ती भरत होती.

मला लाज वाटली. शाळेत फळ्यावर माझं उदाहरण चुकलं, तर मी ते गुपचूप पुसून दुसरं लिहायचे, मुलांसमोर चूक कबूल करायची मला सवय नव्हती. पण समोर ती उत्तराची वाट बघत बसली होती. "हे सगळे मेसेज मला आले होते," मी तिला सांगितलं. "चौदा महिने येत होते. मी एकही वाचला नाही. चूक माझी आहे."

तिने फोन हातात घेतला. मराठी तिला वाचता येतं, ते मेसेज इंग्रजी होते. तरी ती पडद्यावर बोट फिरवत एकेक आकडा बघत गेली.

"म्हंजे तुमी नाई कापले."

"नाही गं."

तिने खुर्चीला पहिल्यांदाच पाठ टेकली. पदराने तोंड पुसलं. पैसे अजून मिळायचेच होते, पण तिच्या चेहऱ्यावरून एक ओझं उतरलेलं मला स्पष्ट दिसलं.

मग मात्र मी पुन्हा मूळ पदावर आले. दंड परत करा, नाहीतर मी वर लिहीन, वरच्यांच्या वर लिहीन. नियम आहे मॅडम, सिस्टिम आपोआप कापते मॅडम, असं पाच मिनिटं चाललं. शेवटी त्यांनी माझं खातं उघडलं, ठेवींचे आकडे बघितले, आणि सूर बदलला. "आपल्या एवढ्या ठेवी आहेत आमच्याकडे. त्या बघून मी स्पेशल केस म्हणून सहा महिन्यांचा दंड परत करू शकते."

"आजच्या आज," मी म्हटलं.

तीनच्या आत पैसे जमा झाले आणि संध्याकाळी मुलीची फी भरली गेली. बँकेतून बाहेर पडताना मात्र मी चांगलीच फुशारले होते. "बघितलंस? नेट धरला की मिळतं," असं म्हणून मी तिच्या पाठीवर थाप मारली. सिग्नलला उभ्या होतो तेव्हा ती म्हणाली, "काकू, ते तुमच्या ठेवीकडं पाहून दिले ना? माझे होते म्हणून नाई दिले."

सिग्नल सुटला. आम्ही रस्ता ओलांडला.

पुढचे चार दिवस ती स्वस्थ बसली नव्हती. बाकीच्या सहाही घरी पोळ्या लाटताना तिने विचारलं होतं, तुमची बँक काय काय कापते? रेशनच्या दुकानात विचारलं, भिशीतल्या बायकांना विचारलं, वॉचमनला विचारलं. कुठे शून्य शिल्लक चालते, कुठे कार्डाचे पैसे घेत नाहीत, कुठलं एटीएम त्याच बँकेचं आहे आणि वस्तीपासून किती पावलांवर, हे सगळं तिला पाठ झालं होतं. बत्तीस वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईने बँक निवडली होती खुर्ची आणि पाण्याच्या ग्लासावर. पाचव्या दिवशी तिने मला निकाल सांगितला. वस्तीच्या टोकाला असलेली सरकारी बँक, शून्य शिलकीचं खातं. "तुमी येता का संगं?" तिने विचारलं. "फॉर्म मीच भरीन. तुमी नुसतं बसा."

मी गेले. माझ्या ठेवी मात्र अजून त्या खाजगी बँकेतच आहेत. मुदतीआधी मोडल्या तर दंड आहे, आणि त्या बँकेला आता एक रुपयाही जास्तीचा द्यायची माझी इच्छा नाही.

रांग मोठी होती. बाकावर दाटीवाटीने बसलो. तिने फॉर्म मांडीवर घेऊन सावकाश, एकेक अक्षर कोरत भरला. मध्ये एका रकान्याशी ती थांबली तेव्हा माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण तिने शेजारच्या बाईंना विचारलं. सही करून झाली तेव्हा, आठवडाभर माझ्या मनात सलत होतं ते मी विचारून टाकलं.

"चौदा महिने तुला वाटत होतं मी तुझे पैसे कापते. मग एकदा तरी विचारायचंस ना. मी काय खाल्लं असतं तुला?"

तिने पेनाला टोपण लावलं. "भीत नाई मी तुमाले काकू. दोन-तीनदा आली होती इचाराले." मग न रागावता, एखादी गोष्ट समजावून सांगावी तशी म्हणाली, "पण तुमी बोलता तं इतकं पक्कं बोलता, का समोरच्याले वाटते, आपलंच काईतरी चुकत असन."

तेवढ्यात तिचा नंबर पुकारला. पिशवी माझ्या मांडीवर ठेवून ती उठली आणि फॉर्म घेऊन खिडकीकडे गेली.