हात न तपासलेला शास्त्रज्ञ

वाईट सिनेमा बघून मी कधी चिडत नाही. फुकट गेलेले दोन तास विसरता येतात. पण आमच्या मुलुंडच्या इमारतीतल्या एका माणसाने काढलेला एक विज्ञान-भयपट आहे, तो आठवला की अजून माझं डोकं फिरतं. कुठल्याशा ॲपच्या तळाशी तो पडून आहे आणि तिथेच कुजावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

हा माणूस तिसऱ्या मजल्यावरचा, जाहिराती करणारा, चाळिशीला टेकलेला. त्याने लिफ्टमध्ये माझ्या वडिलांना गाठलं. वडिलांची सगळी नोकरी ट्रॉम्बेला, अणुसंशोधनाच्या कामात, तंत्रज्ञ म्हणून झालेली. "काका, तुमच्यासारखा ओरिजिनल माणूस मला कुठे मिळणार? म्हाताऱ्या शास्त्रज्ञाचा रोल तुम्हीच करा ना." वडील हुरळून गेले. आई गेल्यापासून त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं, म्हणून मीही गप्प बसले. तिथेच माझं चुकलं.

शूटिंग नाहूरच्या एका बंद गाळ्यात. प्रयोगशाळा म्हणजे काय, तर बरण्यांमध्ये खसचं सरबत, भंगारातले चार स्टॅबिलायझर आणि दिव्याला गुंडाळलेला हिरवा कागद. राक्षस फोमचा, वरून रेक्झिन. त्याच्या पाठीवरची चेन पार मागच्या भिंतीपासून दिसायची. वडिलांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की किरणोत्सर्ग असा हिरवा चमकत नाही, तो दिसतच नाही, म्हणून तर त्याला घाबरायचं. "काका, न दिसणारं शूट कसं करू?" दिग्दर्शक म्हणाला आणि सगळे हसले. वडीलही हसले. त्यांनी राक्षस सोडून दिला, सरबत सोडून दिलं, सगळं सोडून दिलं. एका गोष्टीवर मात्र अडून बसले.

ती गोष्ट म्हणजे हात. त्यांच्याकडे कामाच्या जागेतून बाहेर पडताना यंत्रात दोन्ही हात घालून उभं राहायचं आणि हातांना किरणोत्सर्गी काही चिकटलेलं नाही असं यंत्राने दाखवलं की मगच दार उघडायचं. घरी लग्न असो, कुणी आजारी असो, त्यात बदल नाही. आपण हे एकदाही चुकवलं नाही, असं ते आल्यागेल्याला सांगतात. आणि इथे पटकथेतला शास्त्रज्ञ कोट काढून थेट घरी चाललेला!

"अरे मेल्या, हात आधी तपासूक नको?" वडील चिडले की मालवणीत शिरतात.

"झकास, काका! घालू या ना," दिग्दर्शक म्हणाला.

वडिलांनी आठ दिवस खपून प्लायवूडचं यंत्र केलं. हातांसाठी दोन खाचा, आत बल्ब, बाजूला काटा. ते दृश्य घेतलं त्या दिवशी मी त्यांचा डबा घेऊन गेले होते. ते खाचांमध्ये हात घालून उभे राहिले. काटा स्थिर झाल्यावर त्यांनी हात काढले आणि मग दार उघडलं. त्या सबंध सिनेमात तेवढं एक दृश्य खरं होतं.

एका रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर सिनेमा लागला. त्याआधीच वडिलांनी त्याची लिंक आपल्या निवृत्त सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. स्वतः अजून पाहिलाही नव्हता. खाली लिहिलं होतं, 'सर्वांनी अवश्य पाहावा. कामाची पद्धत बरोबर दाखवली आहे.'

पडद्यावर वडिलांनी तोंड उघडलं आणि आवाज भलत्याचाच. तेही मी गिळलं. मग त्यांनी कोट काढला, दार उघडलं आणि ते बाहेर पडले. थेट. घरी येऊन पाण्याच्या पिंपात हात बुडवला आणि पिंपातून तो रेक्झिनचा राक्षस वर आला. नायिका किंचाळली, "हे सगळं त्या म्हाताऱ्याच्या हलगर्जीपणामुळे झालं!" वडिलांचं यंत्र एकदाच दिसलं, राक्षसाने त्याला लाथ मारली तेव्हा.

वडील उभे राहिले. "मी हात तपासले होते!" असं भर हॉलमध्ये ओरडले. लोकांना वाटलं, काका गंमत करतायत. कुणी तरी शिट्टी वाजवली.

चहाच्या टेबलाशी मी दिग्दर्शकाला धरलं.

"ताई, त्या दहा सेकंदांत काही होतच नव्हतं. प्रेक्षक पळतो ना!"

"मग तो तुकडा आम्हाला द्या. ग्रुपवर टाकू."

"तो उडवला. हार्ड डिस्क भरली होती. आणि असं बघा, हा सिनेमा बघतंय कोण?"

यावर मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण एकही शब्द मागे घेणार नाही. माझ्या वडिलांना ज्यांची पर्वा होती त्या सगळ्यांनी तो पाहिला होता. आम्ही घरी आलो तेव्हा ग्रुपवर त्यांच्या जुन्या साहेबांचा एकच शब्द आलेला होता: 'हात?'

वडिलांनी चष्मा लावला आणि एका बोटाने टाइप करायला घेतलं. मी म्हटलं, "लिहा, बाबा. त्या माणसाचं नाव घालून लिहा. सोडू नका त्याला." बराच वेळ ते लिहीत होते. मग मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

'बाहेर पडताना हातांची तपासणी झालेली नाही. त्या वेळी उपस्थित: मी. चूक माझी.'

"बाबा, काय लिहिताय हे? तुम्ही तपासले होते! मी स्वतः पाहिलंय!"

"नोंद कुठाय?" ते म्हणाले. "आमच्याकडे ज्याची नोंद नाही, ते केलेलं नसतं."

मी फोन ओढून घ्यायला हात पुढे केला, तोवर त्यांनी मेसेज पाठवलाही होता.