जावयाला हरीण धरायला शिकवताना

जाळ्यात जावई अडकला होता आणि हरीण मोकळं उभं होतं. हरणाच्या मागे पन्नासेक पावलांवर आखातातल्या फुजैरा गावाकडे जाणारा रस्ता होता. त्यावरून डोंगरातले दगड भरलेले ट्रक धडधडत चालले होते. जावयाच्या कमरेचा पेजर पीं पीं करत होता आणि तो बंद करायला त्याचा हात जाळ्यातून सुटत नव्हता. माझी लेक मला विचारत होती, "आई, आता काय सांगू त्यांना?"

हरीण अरबाबचं होतं. अरबाब म्हणजे जावयाचा मालक. त्याच्या शेतावर पाण्याच्या पाइपांचं काम जावई बघायचा. शुक्रवारची सुट्टी म्हणून आम्हाला शेत दाखवायला त्यानेच त्यांच्या अजमानच्या घरून गाडी काढली. नातीला हरणाला हात लावायचा होता म्हणून त्याने कुंपणाचं गेट उघडलं. मग तिचा फोटो काढायच्या नादात कडी घालायची विसरला. हरीण शांतपणे चालत बाहेर गेलं.

"बट पप्पा, यू डिडन्ट लॉक इट," नात म्हणाली. ती आठ वर्षांची होती आणि खरं बोलत होती.

असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर अरबाब पाहुण्यांना हेच हरीण दाखवायला आणणार होता. जावयाने रस्त्याकडे बोट दाखवलं. "हे ट्रकखाली गेलं तर व्हिसा कॅन्सल. सगळे घरी. खलास."

आता माझं सांगते. माझी शाळा चौथीपर्यंत. त्यानंतर वडिलांच्या मागे रान. चंद्रपूरकडच्या जंगलात साहेब लोकांच्या शिकारीत ते हाका करायचे, म्हणजे झाडीतून ओरडत जनावर पुढे काढायचे. पुढे कायदा आला, शिकार बंद झाली. चांगलं झालं. पण जनावराजवळ कसं जायचं ते मी विसरले नव्हते. इथलं हरीण आमच्या चिंकाऱ्याएवढंच. मारायचं असो की धरायचं, जवळ जाण्याचे नियम तेच.

अडचण एकच होती. आमच्याकडे सासूने जावयाला शिकवायचं नाही. मी त्याच्याशी थेट बोलायचेच नाही. "त्यांना विचार चहा घेणार का," असं लेकीला सांगायचे, जावई समोर बसलेला असला तरी. आता लिहिताना 'तो' म्हणते, पण तेव्हा तो 'ते' होता.

म्हणून मी लेकीला म्हटलं, "त्यांना सांग, आधी ते जाकीट काढा."

ते फोटोग्राफरचं जाकीट होतं, मांडीपर्यंत लोंबणारं, दहा-बारा खिशांचं. दर खिशात काहीतरी खुळखुळत होतं. नव्या माणसाची पहिली चूक हीच असते. हरणामागे जाताना अंगावर वाजणारं काही ठेवायचं नाही. किल्ल्या, नाणी, सगळं काढून ठेवायचं. कपडे मळके, मातीच्या रंगाचे हवेत. जावयाचे बूट कबुतरासारखे पांढरे होते.

"आई म्हणते जाकीट काढा," लेक म्हणाली.

"ऐकलं मी. आईंना सांग, पेजर राहू दे. अरबाबचा मेसेज येईल."

आम्ही तिघं एका हाताच्या अंतरावर उभे होतो. त्याने जाकीट काढलं, पेजर कमरेला ठेवला.

दुसरा नियम वासाचा. वारा आपल्या तोंडावर हवा, पाठीवर नको. पाठीवर असला तर आपण पोचायच्या आधी आपला वास पोचतो. आणि जावयाने तर अत्तर लावलं होतं, अरबाबने ईदला दिलेलं. त्या वासाने माझंच डोकं उठलं होतं. हरीण कुठलं थांबतं! मी म्हटलं, "त्यांना सांग, धुऊन या." तो धुऊन आला. वास आणखी पसरला.

तिसरं, सरळ जायचं नाही. लग्नात नकोसा पाहुणा दिसला की आपण कसे दुसरीकडेच निघाल्यासारखे तिरपे जातो, तसं जायचं. हरणाची मान खाली असेल तेव्हा चालायचं. शेपटी हलली की समजायचं, आता मान वर येणार. तिथेच थांबायचं, पाय हवेत असला तरी.

शेतात खजुराच्या घडांवर टाकायची जाळी होती. ती खांद्यावर घेऊन जावई निघाला. तिरपा, वारा तोंडावर घेऊन. खरं सांगते, चांगला चालला होता. हरणाची शेपटी हलली. मी लेकीच्या कानात म्हटलं, "त्यांना सांग, थांबा."

लेक बोंबलली, "अहोऽऽ! आई म्हणते थांबाऽऽ!"

हरीण उडालं ते रस्त्याकडे. जावई दचकून वळला, जाळी पायात आली आणि तो पडला. वर पेजर वाजला.

तर सुरुवातीला सांगितलं ते इथलं. ट्रकचा हॉर्न आला. हरणाने कान टवकारले. आणखी चार-सहा उड्या आणि ते डांबरावर. जावई जाळ्यासकट उठून त्याच्यामागे धावायला निघाला. हे सगळ्यात वाईट. मागे धावलात की हरीण पुढेच जाणार. लेकीला सांगायचं, तिने त्याला सांगायचं, एवढा वेळ कुठला?

मी ओरडले, "अरे गाढवा, बस खाली!"

तो बसला. लग्नाला दहा वर्षं झाली होती, तेवढ्या काळात मी त्याला थेट सांगितलेलं पहिलं वाक्य ते.

बसलेल्या माणसाला हरीण भीत नाही. पण जवळही येत नाही. हे आलं. एक पाऊल, थांबलं, नाक वर केलं, आणखी एक पाऊल. वारा आता फिरला होता, जावयाकडून हरणाकडे. ते थेट त्याच्या मानेजवळ आलं आणि हुंगायला लागलं. अरबाब तेच अत्तर लावायचा, आणि अरबाब त्याला रोज हाताने खजूर द्यायचा. माझ्या वडिलांच्या सगळ्या विद्येला त्या बाटलीने हरवलं.

जावयाने जाळ्यातून हात सोडवून दोन्ही शिंगं धरली. हरणाने त्यातलं एक सोडवून त्याच्या मांडीत घातलं. तरी त्याने दुसरं सोडलं नाही. मी मागचे पाय धरले, लेकीने ओढणी डोळ्यांवर टाकली. डोळे झाकले की जनावर गप्प होतं, हाही नियम लक्षात ठेवा. तसंच उचलून आम्ही ते कुंपणात नेलं आणि नातीने कडी घातली. दोनदा तपासली.

अरबाब आला तेव्हा हरीण आत होतं आणि जावयाच्या पँटवर रक्त होतं.

"क्या हुआ?"

"गेट का कील लगा, अरबाब."

"गेट खराब है? बदल दो, हबीबी. यल्ला, डॉक्टर के पास जाओ."

आम्ही दवाखाना गाठला. मांडीला टाके पडले. बाहेर आल्यावर जावई माझ्या समोर उभा राहिला आणि लेकीला म्हणाला, "तुझ्या आईला सांग, सात पडले."

"त्यांना सांग," मी म्हटलं, "जाकीट घातलं असतं तर खिशाला लागलं असतं."

हरीण त्या शेतावर आणखी पाच-सहा वर्षं जगलं. जावई जगला. मीही.