तिसऱ्या खिडकीजवळची पट्टी

गेनियाबाई मोठ्या तोऱ्याची बाई, हे वॉर्सातल्या त्या राजवाड्यात कुणीही सांगेल. काम म्हणाल तर दारात बसून पाहुण्यांना सपाता वाटायचं. जाड लोकरी सपाता, बुटांवरच चढवायच्या आणि मागून नाडी बांधायची, म्हणजे आतल्या लाकडी जमिनीवर ओरखडा उठत नाही. एकदा एक बिशप घाईघाईनं तसाच आत निघाला, तर बाईनं त्याचा झगा धरून त्याला बाकावर बसवलं. देवळात तुमचा नियम, इथं माझा, असं वर सुनावलं म्हणे. खोटं वाटावं असं तिच्या चेहऱ्यात काही नव्हतं.

पण हा तोरा नुसत्या नोकरीचा नव्हता. युद्धात जळालेला वाडा पुन्हा उभा राहिला, तेव्हा मोठ्या दालनाची जमीन बसवणाऱ्या सुतारांत तिचा नवरा वालेंती होता. ओक आणि अक्रोडाच्या पट्ट्या, त्यांत चांदण्यांची नक्षी. उद्घाटनाला पुढारी येणार म्हणून शेवटी अशी लगीनघाई झाली की तिसऱ्या खिडकीजवळची एक ओलसर पट्टी केसभर वर राहिली. रंधा मारायला कुणी वेळच दिला नाही. एवढ्याशा गोष्टीची त्या भल्या माणसानं इतकी लाज धरली की पुन्हा वाड्याची पायरी चढला नाही.

गेनियानं नोकरी धरली ती त्याच पट्टीवर डोळा ठेवायला. रोज संध्याकाळी बीटच्या आंबट सारात चमचा फिरवत तो विचारायचा, आज कुणी अडखळलं? ती म्हणायची, कुणी नाही. त्याला वाटायचं, बायको आपलं मन राखतेय. तो मान डोलवायचा आणि पाव मोडायचा. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

पुढं मधुमेहानं त्याची दृष्टी नेली, तसा तो घराबाहेर पडेनासा झाला. आपल्या हातून आयुष्यात एकही काम धड झालं नाही, असं खुर्चीत बसून पुटपुटायचा. त्याच हिवाळ्यात वाड्यात वरून हुकूम आला: गर्दी आवरत नाही, तेव्हा सपाता बंद, दालनात कायमचा गालिचा घालायचा आणि गेनियाबाईनं पाहुण्यांचे कोट सांभाळायचे. कोटांचं तिला काही वाटलं नाही. पण गालिचा पडला की वालेंतीच्या मनातली ती पट्टी मरेपर्यंत तशीच वर राहणार, हे तिला सोसवेना.

सपातांच्या शेवटच्या रविवारी तिनं त्याला उठवलं. तो म्हणाला, आंधळ्याला राजवाडा दाखवतेस, शेजारी हसतील. ती म्हणाली, हसू देत, बूट घाल.

दारात त्याचा वॉकर अडला. वॉकरच्या रबरी टोकांचे काळे डाग पडतात. तिथली प्रमुख कालिना काही बोलणार, तोच गेनिया खाली बसली आणि वॉकरच्या चारही पायांना सपाता बांधू लागली.

"घोड्याला नाल ठोकतेस की काय?" वालेंतीनं विचारलं.

"गप उभा राहा. यानंतर तुझाच नंबर आहे."

दालनात परदेशी पाहुणे माना वर करून छत बघत होते. पायाखाली बघणारा एक नाही. गेनियानं त्याला तिसऱ्या खिडकीपाशी नेलं. त्यानं पाय पुढं सरकवला, मागं घेतला, पुन्हा सरकवला. हळूहळू त्याचा चेहरा पडला.

"काही कळत नाही गं. गादीवर उभा असल्यासारखं वाटतंय. चल घरी."

मग बिशपालाही न सोडणारी ती बाई गुडघ्यांवर बसली आणि तिनं त्याच्या सपाता सोडल्या, बूट काढले, मोजे काढले. दारातून कालिनानं ते पाहिलं. तिनं पाठ फिरवली आणि छत बघत असलेल्या लोकांनाच छत दाखवायला सुरुवात केली.

त्याचे सुजलेले पांढरे पाय लाकडाला लागले. अंगठ्यानं चांदणीचं एक टोक शोधलं, मग दुसरं. मग अंगठा थांबला, मागं आला, परत गेला.

"इथंच होती."

"हो, इथंच."

"सापडत नाही, गेने. रंधा कुणी मारला?"

"कुणीच नाही."

तेवढ्यात पाहुण्यांचा एक घोळका त्यांच्या बाजूनं सपाता घासत गेला. वालेंती कान देऊन ऐकत राहिला. आवाज लांब गेला तरी तो हलला नाही.

"एवढी माणसं गेली यावरून," तो म्हणाला. "आणि सगळ्यांच्या पायात सपाता तू घातल्यास."

"कुणी अडखळलं नाही रे. रोज सांगत होते."

"मला वाटायचं, खोटं बोलतेस."

तिनं मोजे चढवले, बूट घातले. जन्मभर लोकांच्या नाड्या बांधलेल्या त्या बाईला नवऱ्याच्या बुटाची एक नाडी काही केल्या बांधता येईना. तो खिडकीला टेकून उभा राहिला. आज त्यालाही घाई नव्हती.