तिंग न्हाव्याचा हात

तिंग न्हाव्याबद्दल गावात दहा तोंडं दहा गोष्टी सांगतात. माती पडो त्या तोंडांत. मी लुओ कसायाची बायको. तिंगच्या दुकानासमोर वीस वर्षं भाताची पेज विकत बसले. मला दिसलं ते त्यांना काय कप्पाळ दिसणार?

तेव्हा मोठ्या माणसाचे केस कापायचे नाहीत, अशी आमच्याकडे रीत. केस आईबापांनी दिलेले, त्यांना हात लावणं म्हणजे पाप. न्हाव्याने ते विंचरायचे, अंबाडा बांधायचा, दाढी करायची, कान कोरायचे. डोक्याला वस्तरा लागायचा तो फक्त महिन्याच्या बाळाच्या. माझ्या तिन्ही पोरांचं जावळ तिंगनेच काढलं. बाळ झोपेतून हलायचंसुद्धा नाही, इतका हलका हात. एक केस जरी मागे राहिला तर नाव बदलीन, म्हणायचा, आणि नाव काही बदलावं लागलं नाही.

आमच्या पंचांगातल्या कोंबड्याच्या वर्षी उत्तरेकडून मांचू घोडेस्वार आले. राजधानी नानजिंगच्या मोठमोठ्या सरदारांनी वेशी आपल्या हातांनी उघडून दिल्या, आणि भोगलं आम्ही. पाठोपाठ फर्मान आलं. दहा दिवसांत प्रत्येक पुरुषाने डोकं भादरून मागे उंदराच्या शेपटीएवढी शेंडी ठेवायची. केस राहिले तर मुंडकं जाईल.

तिंगचा जावई, चुंगही नावाचा, पोरांना अक्षरं शिकवायचा. मुलगी चायुन पोटुशी होती. जावई हटून बसला, मान देईन पण केस देणार नाही. तिंगने हात जोडले, चायुन रडून रडून थकली, पण छे! नवव्या दिवशी दुपारी तिंगने जावयाला जेवायला बोलावलं, तांदळाची दारू पाजली आणि तो घोरायला लागल्यावर त्याचं डोकं भादरलं. तो जागा झाला नाही.

"वहिनी, शिव्या घालील, घालू दे," तिंग मला म्हणाला. "जिवंत तर राहील."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाव पेटलं. लोकांनी मांचूंच्या अधिकाऱ्याला कचेरीतून ओढून ठेचला, वेशी बंद केल्या आणि भादरलेली डोकी हुडकत निघाले. भादरलेला तो फितूर, एवढाच न्याय. सगळ्यांत पुढे माझा नवरा, हातात सत्तूर. तिंगचा जावई घरात टोपी घालून बसला होता. त्याला रस्त्यावर आणला, टोपी पडली. तिंग लुओच्या पायाशी लोळण घेऊन सांगत होता, मी केलं, तो झोपेत होता, मला मार. लुओ म्हणाला, सासरा जावयासाठी खोटंच बोलणार. आणि सत्तूर घातला. पहिल्या घावातच काम झालं होतं, तरी त्याने आणखी दोन घातले. रक्त माझ्या पेजेच्या पातेल्यावर उडालं. चायुन दारात उभी होती.

घरी मी त्याला तोंडावर विचारलं, काय केलंस कळतंय का? गद्दार मारला, म्हणाला, आणि जेवायला बसला. त्या दिवशी त्याला वाढताना मला शिसारी आली.

वीस दिवसांनी मांचूंच्या तोफा आल्या. वेस ढासळली आणि तीन दिवस कापाकापी चालली. कालवा प्रेतांनी असा भरला की होड्या पुढे जाईनात. माझे दोन थोरले त्यातच गेले. चौथ्या दिवशी उरलेल्या पुरुषांना धान्याच्या कोठारापुढे रांगेत बसवलं आणि तिंगला वस्तरा देऊन उभा केला. भादरलेला माणूस पुढे जायचा, तिथे एक शिपाई चौकोनी भोकाचं तांब्याचं नाणं घेऊन बसलेला. शेंडी भोकातून आली तर घरी जा. अडकली तर शेजारी तलवारवाला होताच. म्हणून तिंग प्रत्येकाची शेंडी आधी स्वतःच्या नाण्यातून ओढून बघायचा, जाड वाटली तर आणखी भादरायचा, आणि मगच माणूस पुढे सोडायचा.

लुओची पाळी आली. मान देईन म्हणणाऱ्यांत हाही होता, पण मांजर होऊन बसला.

"तिंगदादा, नीट बघ हं," एवढं म्हणाला.

तिंगने त्याचा अंबाडा सोडला. वस्तरा तसाच हलका फिरला. मग त्याने लुओचा खांदा थोपटला आणि त्याला पुढे सोडला. नाण्यातून शेंडी ओढून बघितली नाही.

मी चार हातांवर होते. शेंडी बोटभर जाड होती. तो हात चुकत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? मी ओरडले असते तर वस्तरा पुन्हा फिरला असता. माझ्या शेजारी चायुन पोट धरून उभी होती. तिने ती शेंडी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटून घेतलं.

शिपायाच्या नाण्यात शेंडी अडकली. लुओने वळून तिंगकडे बघितलं, तेवढ्यात तलवार फिरली.

त्याच संध्याकाळी तिंगने उजव्या हाताचा अंगठा जात्याच्या वरच्या दगडाखाली ठेचून घेतला. पुन्हा वस्तरा धरता येऊ नये म्हणून. चायुनला मुलगा झाला, महिन्याचा झाला, आणि गावात दुसरा न्हावी उरला नव्हता. ती बाळ घेऊन माझ्या दारात आली.

"काकू, जावळ तुम्ही काढा," म्हणाली.

घरात धार होती ती लुओच्या सुरीलाच. मी तीच घेतली. माझा हात काही हलका नाही, पोर रडून रडून लाल झालं, आणि तिंग समोर बसून बघत राहिला.