गोधडी कोणी आणली

मनवेलपाड्यात आमच्या इमारतीखाली एक जुनी फियाट उभी असायची. माझ्या शेजाऱ्यानं ती कामणच्या एका गोदामातून ओढून आणली होती. "आम्ही बापलेकी मिळून ही नवी करणार," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगे. प्रत्यक्षात तो प्लास्टिकच्या खुर्चीत बसून सूचना देई आणि आठवीतली मुलगी गाडीखाली पडून गंजलेले नट सोडवी. बायकोला हे खूळ मुळीच पसंत नव्हतं. ती वरून बोलू लागली की हा म्हणे, "पोरीला हौस आहे, मी काय करू?"

एका रविवारी ती तरातरा खाली आली. "माझ्या आईची गोधडी गाडीखाली कोणी अंथरली?"

सकाळी यालाच ती आणताना मी गॅलरीतून पाहिलं होतं. यानं हातातला पाना मुलीच्या दिशेनं हलवला. "तिला विचार."

मुलगी सरपटत बाहेर आली, बापाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मीच आणली, आई."

आईनं तेलानं माखलेली गोधडी उचलली. मुलगी तिच्यामागून जिना चढली, ती पुन्हा कधी गाडीजवळ आली नाही.

शेवटी गाडी मेकॅनिकनं चालू केली. हा मला अर्नाळ्यापर्यंत फिरवायला घेऊन गेला. वाटेत म्हणाला, "पोरीनं मध्येच सोडलं. हल्लीच्या मुलांना चिकाटीच नाही."

"गोधडी तुम्ही आणली होतीत," मी म्हणालो.

समोर रस्ता मोकळा होता, तरी त्यानं हॉर्न वाजवला.