मबारका आणि सातवं गाणं

मबारकाचा जीव टांगलेला असायचा एका अंगठ्याला, आणि तो अंगठा होता अय्याद सीडीवाल्याचा.

समुद्रकाठच्या आमच्या स्वीरा गावात, बाब दुक्कालाच्या वेशीपाशी मबारकाचा तवा. पीठ तेलाच्या हातानं पातळ ताणायचं, त्याची चौकोनी घडी घालायची नि तव्यावर टाकायची. बंदरावरचे कोळी, हमाल, मास्तर, सगळे तिच्या हातच्या घडीच्या रोटीसाठी ताटकळत उभे राहायचे. जीभ फटकळ, हात सढळ. तिच्या तव्याला खेटून अय्यादचं दुकान, आणि त्या दुकानात सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच आल्बम वाजायचा, तिच्या धाकट्या भावाचा, मआलेम म्हणजे उस्ताद बूजमाचा.

आल्बम होताच तसा. आमची तीनतारी गिंब्री, आमच्या लोखंडी चिपळ्या, सेनेगलच्या एका माणसाचा ढोल आणि वरून त्या गास्पारचा सॅक्सोफोन. गास्पार समुद्रापलीकडच्या लियों शहराचा. म्हाताऱ्यांनी आधी नाकं मुरडली, मग तेच म्हातारे अय्यादच्या दुकानापुढे बूड टेकून बसायला लागले. गोरे पाहुणे तर खुळावले होते. आणि खोटं कशाला बोला, मबारकाही खुळावली होती. तिसऱ्या गाण्यात गास्पार असा काही सूर लावायचा, की समुद्रात गेलेला तिचा नवरा तिला आठवायचा आणि पीठ मळता मळता डोळे भरून यायचे. आपल्याच बापाची चाल, पण कोणी ती दूरदेशी फिरवून परत आणलीय, असं तिला वाटायचं.

पहिल्यापासून सहाव्यापर्यंत असं सुख. सहावं संपत आलं की तिचे हात थांबायचे. मान वळवून ती अय्यादकडे बघायची. अय्याद अंगठ्यानं बटण दाबायचा आणि आल्बम पुन्हा पहिल्यावर जायचा. मग कुठे ती श्वास सोडायची.

सातवं गाणं त्या बाईचं होतं.

तिचं नाव आमच्यात मोठ्यानं घेत नाहीत, मीही घेणार नाही. सगळ्या जिन्नांची आपापली गाणी, आपापले रंग. हिचा काळा. मबारका सोळा वर्षांची असताना सार्डिन मासळीच्या कारखान्यात उभ्याउभ्या कोसळली ती हिच्यामुळेच. वाचा गेली, अन्न सुटलं. शेवटी बापानं काळा ऊद जाळला, पोरीवर काळं वस्त्र टाकलं आणि त्या बाईचं गाणं सुरू केलं. मबारकाच्या अंगात आलं, गाणं शेवटापर्यंत गेलं आणि पोरगी उठून म्हणाली, "भूक लागलीय." तेव्हापासून दरसाल रमजानच्या आदल्या महिन्यात घरात जागर व्हायचा, बाई येऊन जायची आणि वर्ष सुखाचं जायचं.

नियम एकच. गाणं सुरू झालं की मध्ये तोडायचं नाही. का, ते मबारकानं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिची मावशी ईझ्झा जागरात घुमत होती आणि बापाच्या गिंब्रीची तार तुटली. नवी चढेपर्यंत मावशी जमिनीवर पडलेली. पुढे मरेपर्यंत ती स्वतःच्या लेकरांना "तुम्ही कोणाची रे?" असं विचारायची.

म्हणून बूजमानं सीडी आणून हातात दिली, तेव्हा मबारकानं आधी तेच विचारलं होतं.

"नुसती करमणुकीची गाणी घेतलीस ना? जिन्नांची नाहीत ना?"

बूजमा खाली बघत म्हणाला, "एकच घेतलंय. सातवं."

"कुठलं?"

"काळ्या रंगाचं." ती समजली. हातातली सीडी तिनं विंचू झटकावा तशी टाकून दिली.

"अरे मेल्या, तुला काही लाज? मावशीला विसरलास?"

"लाल्ला, बाई माझी, ऐक तर. ऊद नाही, वस्त्र नाही, स्टुडिओत नुसते दिवे नि वायरी. ती येईल कशाला तिथे? नुसती चाल आहे ती. आणि गास्पारनं काय वाजवलंय त्यात! शेवटी आम्ही सगळे थांबतो आणि तो एकटा वाजवतो."

"थांबता? म्हणजे शेवट नाहीच?"

"शेवट तो करतो की."

"त्या पोराला काय ठाऊक शेवट!" गास्पारवर तिचा राग नव्हता. तिच्या घरी राहिलेला, तिच्या हातचं खाल्लेला, "लाल्ला, अजून एक रोटी" म्हणत मागे मागे फिरणारा पोर तो. म्हणून तर ती जास्त चरकली.

पूर्वी ती बाई वर्षातून एकदा यायची, बोलावून, मानानं. आता ती कुठल्याही टपरीतून, कुठल्याही गाडीच्या खिडकीतून येऊ शकत होती आणि कोणीही तिला मध्येच तोडू शकत होतं. मबारकानं टॅक्सीत बसणं सोडलं, लग्नांना जाणं सोडलं. बायका चेष्टा करायच्या, "भाऊ नावाजला नि ही मेली कानात बोळे घालून फिरते." मबारका फणकारायची, "तुमच्या अंगात येऊ दे एकदा, मग दात काढा." पण तवा कुठे हलवणार? पोट तिथेच होतं. तिनं अय्यादचे हात धरले, आणि भल्या माणसानं शब्द दिला आणि पाळलाही.

गुरुवारची दुपार होती. वारा सुटलेला, गर्दी फार. कासाब्लांकाच्या दोन पोरी अय्यादशी हुज्जत घालत होत्या. सीडी परत घे, डबीला तडा गेलाय म्हणून. अय्यादही इरेला पेटला होता. इकडे सहावं संपलं.

मबारकाचे हात पिठात होते. तिनं मान वळवली. अय्यादची पाठ तिच्याकडे.

गिंब्रीचे पहिले तीन सूर आले. पळायला म्हणून तिनं पिठातून हात उपसले. टाचांतून वर काहीतरी सरकायला लागलं, ओळखीचं, थंड. तिला कळलं, आता पळून उपयोग नाही, आता फक्त हे शेवटापर्यंत जायला हवं. शेवट नसला तर नसला, जेवढं आहे तेवढं तरी. तिची मान डावी-उजवी हलायला लागली.

आणि तेवढ्यात अय्यादच्या डोक्यात उजेड पडला.

"या लतीफ!" असा देवाचा धावा करत, पोरींना ढकलून तो मशीनकडे धावला. बिचाऱ्याला वाटलं, आपण हिला वाचवतोय.

"नको!" मबारका किंचाळली. "बंद करू नको रे, बंद..."

त्यानं बटण दाबलं होतं. मबारका जागच्या जागी खाली बसली आणि मग आडवी झाली. डोळे उघडे, पापणी हलेना. तव्यावरची रोटी जळायला लागली, ती कोणी काढली नाही.

अय्यादची पाचावर धारण बसली. हमालांनी तिला उचलून दुकानात नेलं, कोणी बूजमाच्या घराकडे धावलं. बूजमा आला तो अनवाणी, एका हातात गिंब्री, खांद्यावर बापाचं काळं वस्त्र. शटर खाली ओढलं, ऊद पेटवला. बहिणीवर वस्त्र टाकलं.

"लाल्ला, मी आहे," तो म्हणाला. "मी शेवटापर्यंत नेतो."

त्यानं गाणं सुरू केलं. चिपळ्या अय्यादनं धरल्या, रडत रडत. वस्त्राखाली मबारकाची बोटं हलली, मग खांदे. ती उठून बसली, घुमायला लागली. बूजमाच्या जिवात जीव आला. गाणं चढत गेलं, चढत गेलं, आणि एका जागी बूजमाचा हात थांबला.

त्यानं थांबवला नव्हता. दोन वर्षं देशोदेशीच्या स्टेजवर तो हात इथेच थांबत आला होता, गास्पारला वाट देत. घरच्या जागरात गेल्या साली वारेपर्यंत बापच वाजवायचा, तरी त्यानं शिकवलेलं पुढचं लहानपणापासून पाठ होतं. पण ते बोटांत येईना. त्यानं तारेवर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. काही नाही. अय्यादच्या चिपळ्याही थांबल्या.

त्या शांततेत वस्त्राखालून सूर आला.

मबारका गात होती, ओठ मिटून. आमची चाल नव्हती ती. तो सॅक्सोफोन होता, शेवटचा, एकट्याचा, जसाच्या तसा, गास्पार जिथे श्वास घेतो तिथे श्वास घेत. अय्यादनं बूजमाकडे पाहिलं. दोघांनाही पक्कं ठाऊक होतं की मबारकानं ते सातवं गाणं शेवटापर्यंत कधी ऐकलेलं नाही. पण काय करणार? तो भीतभीत तिच्या मागून तार छेडत गेला. सूर बारीक होत होत संपला.

मबारकानं वस्त्र स्वतःच्या हातानं काढलं. पाणी मागितलं, प्यायली. अय्यादकडे बघून म्हणाली, "रडतोस काय पोरा, तुझी चूक नाही." बूजमा तिच्या पायांवर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागला.

"ऊठ," ती म्हणाली. "मला काही झालेलं नाही. ती गेली."

"दरसालसारखी?"

"नाही. कायमची. दरसाल जायची तरी तिची चाहूल इथे राहायची," तिनं छातीवर हात ठेवला, "आता रिकामं आहे." सुटल्याचा आनंद तिच्या तोंडावर कुठेच नव्हता. ती लहान पोरीसारखी घाबरलेली दिसत होती. "तिला त्याचा सूर आवडलाय, बूजमा. ती गास्पारकडे गेली. त्याच्या गावात हे गाणं शेवटापर्यंत नेणारं कोणी आहे का रे?"

बूजमाला बापाचा शेवट अजूनही आठवत नव्हता. "तिकडे कोण असणार, लाल्ला?"

"मग तू जा. शेवट आठवत आठवत जा, पण आत्ताच्या आत्ता जा."

"असं कसं जाता येईल? व्हिसाला महिना तरी लागतो."

"तिला व्हिसा लागत नाही," मबारका म्हणाली, आणि तिचे दात वाजायला लागले.