मायची एकच स्लाइड

मायचा एकही फोटो आमच्या घरी नव्हता. ती गेली तेव्हा गावात कुणाकडे कॅमेऱ्याचा मोबाइल नव्हता. म्हणून सर वारल्यावर त्यांच्या मुलीने त्यांनी काढलेल्या फोटोंच्या जुन्या फिल्मी स्लाइड्सचा डबा माझ्या हाती दिला, तेव्हा मी आधी मायची ती एक स्लाइड शोधली.

सर म्हणजे नरखेडच्या शाळेतले माझे भूगोलाचे शिक्षक. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर झालो तो त्यांच्यामुळे. माझा दहावीचा निकाल सांगायला ते गावात आले, तेव्हा माय संत्र्यांच्या तोड्यावर होती. डोक्यावर टोपली असतानाच त्यांनी तिचा फोटो काढला.

नागपूरच्या मिहानमधली नोकरी सांभाळून दोन रविवार मी त्या स्लाइड्सचे एकेक करून फोटो घेतले. खाली पांढऱ्या उजेडाची पाटी, तिच्यावर स्लाइड, वर स्टँडवर खाली तोंड केलेला कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स. रबरी फुगा दाबून हवेने धूळ उडवायची, फोटो घ्यायचा, पुढची स्लाइड. मायची शेवटी ठेवली. बाबांना मुद्दाम गावाहून बोलावलं.

कॅमेऱ्यातून दिसणारं चित्र जोडलेल्या संगणकाच्या पडद्यावर मोठं केलं. माय हसत होती. तिचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते, हे मी विसरलो होतो. गालावर बुरशीचे बारीक ठिपके होते. फुग्याने ते जाईनात.

आमच्याकडे बुद्धपौर्णिमेला तसबिरी ओल्या फडक्याने पुसायच्या आणि मग मेणबत्ती लावायची. ते काम मायचं. माझा हात तसाच गेला. फडकं भिजवलं, घट्ट पिळलं, हलकेच एकदा फिरवलं.

फडक्यावर तपकिरी डाग आला. बुरशी लागलेला रंगाचा थर पाण्याने सुटतो, हे मला मागाहून कळलं. पडद्यावर टोपली होती, ती धरलेला हात होता. चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड.

फोटो मी घेतलाच नव्हता. पुसून झाल्यावर घेणार होतो.

"दिसली का गा?" बाबांनी खुर्चीवरून विचारलं.

"पुसलं मी, बाबा. तोंड गेलं तिचं."

ते उठून आले. चष्मा लावून पडद्याजवळ वाकले.

"काहून पुसलं?"

मी फडक्यावरचा डाग त्यांना दाखवला.

"तुले तं दिसली होती ना? कशी होती, सांग."

"हासून राहिली होती. दात दिसत होते."

"माह्यासमोर हासे तं तोंडावर पदर घे," ते म्हणाले. "त्या दातांपायी. मले एकदा पाहाचं होतं."

मी त्या हाताचा फोटो घेतला.